स्वर्गाचं राज्य आणि पाण्याचा तांब्या



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की आता तासभर मेल्यानंतरच्या गोष्टी ऐकाव्या लागणार. यात दोष तुमचा नाही, आपल्या भाषेचा आहे. मराठीत माणूस गेला की आपण त्याला 'स्वर्गवासी' म्हणतो. त्यामुळे 'स्वर्गाचं राज्य' हे शब्द कानावर पडले की मन आपोआप स्मशानाच्या पलीकडे जातं. येशूच्या तोंडी मात्र हे शब्द येतात ते पेरणी, जाळं, दिवा, पीठ आणि मजुरी यांच्या गोष्टी सांगताना. मत्तय जिथं 'स्वर्गाचं राज्य' लिहितो, तिथं मार्क आणि लूक 'देवाचं राज्य' लिहितात. यहुदी परंपरेत देवाचं नाव आदरानं टाळायची रीत होती, म्हणून मत्तयानं 'स्वर्ग' हा शब्द घेतला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे इथं स्वर्ग हे ठिकाणाचं नाव नाही. देवाचा शब्द जिथं चालतो, ते त्याचं राज्य.

आता प्रश्न असा, की ते चालतं कुठं? लूकच्या सतराव्या अध्यायात परूशी हाच प्रश्न जरा वेगळा विचारतात: राज्य केव्हा येणार? उत्तरात जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा अर्थ 'तुमच्या आत' असाही होतो आणि 'तुमच्यामध्ये' असाही. भाषांतरकारांचं यावर एकमत नाही. आम्हाला दुसरा अर्थ पटतो. एक तर उत्तर परूश्यांना दिलेलं आहे, आणि त्यांच्या अंतःकरणात राज्य नांदत होतं असं येशू म्हणेल, हे कठीण दिसतं. दुसरं असं, की 'आत' म्हटलं की फार सोय होते बघा. राज्य मनात ठेवायचं आणि घरात हवं तसं वागायचं! 'तुमच्यामध्ये' म्हटलं की निदान दोन माणसं लागतात, आणि दोन माणसं आली की त्यांच्यामध्ये ताट येतं, तांब्या येतो.

प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आपण रोज म्हणतो. तिच्यात राज्याची मागणी आणि रोजच्या भाकरीची मागणी यांच्यामध्ये फक्त एकच मागणी आहे. इतकं जवळचं नातं असताना आपण पहिली मागणी आभाळात पाठवतो आणि दुसरी स्वयंपाकघरात ठेवतो. आज आम्हाला या दोन्ही एकत्र वाचायच्या आहेत, आणि त्यासाठी आम्ही निवडलेलं पुस्तक धर्मशास्त्राचं नाही. ते आहे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

पुस्तक तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलेलं असणार. 1934 पासून ते भागाभागानं पुस्तकरूपात आलं. विनोदासाठी, साध्या बोलीसाठी, टिळक दांपत्याच्या भांडणांसाठी ते वाचलं जातं, आणि ते योग्यच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की मराठीत राज्याच्या दृष्टांतांवर लिहिलेलं सर्वांत चांगलं भाष्यही हेच आहे, आणि तसं ते फारसं वाचलं गेलेलं नाही.

सुरुवात कशी होते ते आठवा. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड. घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायची, मीठसुद्धा! वाचताना आपण हसतो. पण हा त्या घरातला धर्म आहे आणि त्याची सगळी मेहनत बायकांच्या हातांना करावी लागते. पुढं नारायण वामन टिळक 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतात. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर, माहेरच्या माणसांत राहतात. मग नगरला येतात. पण नवऱ्याजवळ येऊनही त्यांचं सोवळं, त्यांचं पाणी, त्यांची चूल वेगळीच.

आणि मग ते प्रकरण येतं. बाई स्वतःशी विचार करत बसतात: ही जात देवानं केली की माणसानं? माणसानं, असं उत्तर येतं. उत्तर आलं की त्या तिथंच थांबत नाहीत. आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं ठरवून मोकळ्या होतात. त्यांचा बाप्तिस्मा यानंतरचा, 1900 मधला.

हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. प्रवचनांत आपण नेमका उलटा क्रम ऐकतो: आधी विश्वास, मग विधी, मग वागणूक सुधारते. इथं वागणूक पुढं गेली आणि विधी मागून आला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा कोणते प्रश्न विचारतो? भुकेल्याला खायला दिलंत का, तहानेल्याला प्यायला दिलंत का. आपण पाणी देण्यावर इतके खूश होतो, की आपल्या मुलखात पाणी घेणं हीच खरी परीक्षा होती, हे विसरून जातो. देणारा वरच्या पायरीवर उभा राहून ओतू शकतो. घेणाऱ्याला खाली यावं लागतं. लक्ष्मीबाईंच्या घरात राज्य आलं ते घेतलेल्या पाण्यातून, असं आम्ही म्हणू.

आता दुसरी बाजू. टिळक हे मोठे कवी, मोठ्या मनाचे. खिशातलं देऊन टाकणारे, वाटेत भेटेल त्याला घरी घेऊन येणारे. तरुण बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले, आणि राहिले ते हिंदू म्हणूनच. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे तिथं भाऊ. 'राज्य' या शब्दाला त्यांनी 'दरबार' हा देशी शब्द दिला, हा त्यांच्या प्रतिभेचाच भाग. मराठी ख्रिस्ती विचारात राज्याचा विषय निघाला की बोट या दरबाराकडं जातं.

पण 'स्मृतिचित्रे' दरबाराकडं मुदपाकखान्यातून बघतात. पाहुणा आला, उत्तम. भाकरी कोण थापणार? पगार सोडला, त्याग झाला. वाण्याला काय सांगायचं? लक्ष्मीबाई कुठंही नवऱ्याच्या श्रद्धेवर शंका घेत नाहीत. त्या फक्त हिशोब सांगतात, आणि तोही हसत हसत. टीकाकारांनी या हसण्याला 'निर्मळ विनोद' म्हणून विषय संपवला. आमच्या मते तो हिशोबच मुद्दा आहे. खमिराचा दृष्टांत आठवा: एक बाई तीन मापं पिठात खमीर मिसळते. तीन मापं म्हणजे घरच्या चार माणसांचं पीठ नव्हे, मोठ्या पंगतीचं. आपण सगळे खमिराविषयी बोलतो, वाढत्या पिठाविषयी बोलतो. ते एवढं पीठ मळताना त्या बाईचे हात भरून आले असतील, हे कुणी बोलत नाही. घरातलं राज्य बहुतेक वेळा एकाच्या औदार्यानं आणि दुसरीच्या श्रमानं चालतं. औदार्याला साक्षात्कार म्हणायचं आणि श्रमाला संसार, ही वाटणी आपली आहे. येशूनं मात्र त्या मळणाऱ्या बाईच्याच कामातून राज्य समजावून सांगितलं.

कुणी म्हणेल, तुम्ही अध्यात्माचं स्वयंपाकघर करून टाकलं. आक्षेप खरा असता, जर लक्ष्मीबाई नुसत्या राबणाऱ्या असत्या. त्या तशा नाहीत. त्या वाद घालतात, रुसतात, चुकतात, चूक कबूल करतात, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढं पुरं करतात. चुलीपाशी बसलेली बाई तिथं विचारही करत होती, हेच तर पुस्तकाचं सांगणं आहे.

तरी या पुस्तकाची एक मर्यादा सांगितल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही. सोवळं सोडणाऱ्या बाईचं मन आपल्याला आत-बाहेर दिसतं. ज्यांच्या हातचं पाणी त्या प्यायल्या, त्यांचं मन तितकं दिसत नाही. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत मोठी संख्या महार आणि मांग समाजांतून आलेल्या माणसांची. त्यांना सोवळं सोडायचं नव्हतं. त्यांना दुसऱ्यांच्या सोवळ्यातून सुटायचं होतं. त्यांच्या रोजच्या जगण्यातलं राज्य कसं दिसत होतं? त्यांच्या घरातल्या बाईला पहिल्यांदा कुणी तांब्या मागितला, तेव्हा तिला काय वाटलं? हे 'स्मृतिचित्रे' सांगू शकत नाहीत. ती लक्ष्मीबाईंची लबाडी नाही. ती त्यांच्या जागेची मर्यादा आहे. ते पुस्तक दुसऱ्या कुणीतरी लिहायचं आहे. मात्र हे ओळखल्याशिवाय पाण्याच्या प्रसंगावर डोळे पुसले, तर आपण एका बाईच्या सुटकेचं कौतुक करू आणि तांब्या देणाऱ्या हाताला पुन्हा एकदा विसरू.

शेवटी आपल्याबद्दल. रविवारी आपण एकाच भाकरीचे तुकडे घेतो, एकाच प्याल्याची आठवण करतो. सोमवारी मुलीचं स्थळ बघताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न हळूच विचारतो. नाही का? हसू नका, आम्हीही याच घरांतले आहोत. उपासनेत राज्य मागायचं आणि सोयरिकीत त्याला दाराबाहेर उभं करायचं, हे आपल्याला जमून गेलं आहे. लक्ष्मीबाईंना ते जमलं नाही. प्रश्नाचं उत्तर सापडल्यावर त्यांना वेगळी चूल ठेवताच येईना.

तेव्हा राज्य कुठं शोधायचं, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर साधं आहे. आपल्या घरात कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं अजून चालत नाही, ते आधी बघा. पाहुण्यांची पंगत उठल्यावर मागे कोण जेवतं, ते बघा. तिथं काही बदललं, तर समजा की पिठात खमीर पडलं. नसेल बदललं, तर संध्याकाळच्या प्रार्थनेत राज्याची मागणी म्हणताना जरा थांबा, आणि मग पुढं भाकरीची मागणी म्हणा.