सुधीर फडके आणि दादरा-नगरहवेली : एका संगीतकाराच्या राजकारणाची चिकित्सा

चित्रपटसंगीतकार राजकारणात उतरला म्हणजे तो निवडणूक लढवतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. भूपेन हजारिका १९६७ मध्ये अपक्ष म्हणून आसामच्या विधानसभेवर निवडून गेले, हे त्याचे ठळक उदाहरण. सुधीर फडके (१९१९-२००२) यांचे राजकारण या व्याख्येत बसत नाही. संघटना उभारणे, निधी जमविणे आणि प्रसंगी शस्त्र घेऊन सीमा ओलांडणे असे त्याचे स्वरूप होते. कदाचित त्यामुळेच मराठी संगीतसमीक्षेने त्याची चिकित्सा न करता केवळ गौरव केला. समीक्षात्मक लेखनातही त्यांचा उल्लेख ‘बाबूजी’ असा होतो, ही बाब पुरेशी बोलकी आहे. वडीलधाऱ्यांची चिकित्सा करण्याची आपल्याकडे रीत नाही.

१९५४ मध्ये फडके प्रस्थापित संगीतकार होते. ‘प्रभात’च्या ‘गोकुळ’पासून (१९४६) सुरू झालेली त्यांची चित्रपटीय वाटचाल ‘वंदे मातरम्’ (१९४८) या चित्रपटामुळे राष्ट्रीय भावनेशी आधीच जोडली गेली होती. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दादरा-नगरहवेली मुक्त करण्याच्या मोहिमेत राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे आदींसमवेत ते सहभागी झाले. निधीसाठी लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम पुण्यात झाला. २२ जुलै १९५४ रोजी दादरा व त्यानंतर नरोली मुक्त झाली आणि २ ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांच्या हाती आले. मराठी स्मरणात ही कथा बहुधा येथेच संपते.

इतिहास मात्र तेथे संपत नाही. सिल्वासाहून माघार घेतलेली पोर्तुगीज तुकडी खानवेलच्या जंगलपट्टीतून दक्षिणेकडे सरकली आणि ११ ऑगस्ट रोजी उधवा येथे भारतीय पोलिसांना शरण आली. हे उधवा आज तलासरी तालुक्यात आहे. म्हणजे मोहिमेचा शेवटचा अंक वारल्यांच्या भूमीवर घडला, आणि ही भूमी राजकीयदृष्ट्या निद्रिस्त नव्हती. २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या सभेत वारल्यांनी वेठ व लग्नगडी या प्रथा झुगारून दिल्या होत्या. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथील पोलीस गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने डहाणू-उंबरगाव पट्ट्यात घडविलेली ही माणसे १९५४ च्या लढ्यातही होती. नगरहवेलीत उतरलेले गट एकाच विचाराचे नव्हते. युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक आणि कम्युनिस्ट आपापल्या वाटेने आले होते. लोकप्रिय कथनात यांपैकी पुण्या-मुंबईहून आलेल्यांना नावे आहेत. वारली मात्र पार्श्वभूमीतील जंगलासारखे उरतात.

फडके यांच्या कारकिर्दीचा प्रश्न येथे संगीताशी येऊन मिळतो. सिल्वासानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्यात वनवास आहे, गुह आहे, शबरीच्या तोंडचे गीतही आहे. ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांना फडके यांनी दिलेल्या चालींत शब्दोच्चाराची स्वच्छता आणि रागाधारित भावगीताची शिस्त अप्रतिम आहे, याविषयी वाद संभवत नाही. परंतु या संगीतातील वन हे सभागृहात शांत बसलेल्या श्रोत्याने मनात पाहावयाचे वन आहे. वारल्यांचा तारपा याच्या नेमका उलट आहे. वाळवलेल्या दुधीभोपळ्याच्या आणि बांबूच्या या वाद्याभोवती नाचणारे वर्तुळ करून फिरतात, तारपकरी वळेल तसे वळतात, आणि तेथे निव्वळ श्रोता असा कोणी उरत नाही. फडके यांनी तारपा वापरावयास हवा होता, असा याचा अर्थ नाही. तसा आग्रह बालिश ठरेल आणि तारप्याची शोभेची वस्तू होण्याचा धोकाही त्यात आहे. मुद्दा एवढाच की ज्या भूमीसाठी त्यांनी प्राण पणाला लावले, तिच्या ध्वनिविश्वाचा माग त्यांच्या ख्यातनाम रचनांत लागत नाही.

याच काळात दुसरा मार्ग उपलब्ध होता. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने लोकनाट्य आणि पोवाडा यांनाच राजकीय कृती बनविले. बंगालमध्ये सलील चौधरी शेतकरी चळवळीच्या गाण्यांतून चित्रपटसंगीताकडे आले. त्यांच्या बाबतीत चळवळ आणि चाल एकाच मुशीतून निघाली. फडके यांच्या बाबतीत ती दोन स्वतंत्र खात्यांत राहिली. एकात त्याग, दुसऱ्यात सौंदर्य. यात त्यांचा प्रामाणिकपणा कमी होत नाही. उलट कलेला प्रचाराचे साधन न करण्याचा संयमही त्यात दिसतो. परंतु गौरवग्रंथ ‘देशभक्त संगीतकार’ असे म्हणून ही दोन खाती एकच असल्याचा भास निर्माण करतात, ते चिकित्सेला मान्य करता येणार नाही.

ही दोन खाती एकदा खरोखर एकत्र आली, ती आयुष्याच्या अखेरीस. लोकवर्गणीतून, अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २००१ मध्ये प्रदर्शित झालेला ‘वीर सावरकर’ हा चित्रपट त्यांच्या निष्ठेचा पुरावा आहे. मात्र तेथेही दृष्टी एका नायकावर खिळलेली आहे. एकल कंठातून उमलणाऱ्या भावगीताचीच ती दृष्टी म्हणावी लागेल. मुंबई ग्राहक पंचायतीच्या (स्थापना १९७५) उभारणीतील त्यांचा वाटा या दृष्टीने अधिक लक्षवेधी आहे. शेजारच्या घरांनी एकत्र येऊन धान्य-किराणा घेण्याच्या त्या कामात नायकाला जागाच नव्हती. अभ्यासकांनी तिकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

‘जगाच्या पाठीवर’ हे फडके यांचे आत्मकथन अपूर्ण राहिले. त्यामुळे १९५४ चा विचार करताना केवळ स्वयंसेवकांच्या आठवणींवर विसंबून चालणार नाही. तलासरी, उधवा, खानवेल या पट्ट्यातील वारली आणि कोकणा कुटुंबांत त्या पावसाळ्याविषयी काय सांगितले जाते, ते त्यांच्याच बोलीत नोंदविले पाहिजे. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज हयात असल्यास नव्वदीपुढे गेलेली आहेत. डहाणू-तलासरी परिसरातील महाविद्यालयांना हे काम पायी चालण्याच्या अंतरावर आहे.