फॅमिली रूमचा पडदा

मागच्या डिसेंबरात पुण्याहून माझी भाची आली होती. महाकाल, हरसिद्धी, अवंती पार्श्वनाथ, रामघाट सगळं फिरून झालं आणि चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, आता निवांत बसून चहा प्यायची एखादी जागा दाखव ना."

मी म्हटलं, "अगं, इथं पावलोपावली चहा आहे."

"चहा आहे गं. बसायचं कुठं?"

मी अडलेच. तीस वर्षं उज्जैनमध्ये संसार केला. फ्रीगंजच्या टॉवरपासून छत्री चौकापर्यंत कुठल्या गुमटीवर आल्याचा चहा चांगला मिळतो ते मला तोंडपाठ आहे, पण सगळं ऐकून. तिथं उभं राहून मी स्वतः कधी प्यायलेली नाही. सकाळी पोहे-जलेबीच्या दुकानासमोर पुरुषांचा घोळका असतो. हातात कागदावरचे पोहे, वर मूठभर सेव, आणि गप्पा तर संपतच नाहीत. आम्ही बायका स्कूटरवर किंवा गाडीत बसून पार्सलची वाट बघतो. पोहे तेच, पण घरी येईपर्यंत सेव मऊ पडते आणि गप्पा तर पार्सलमध्ये येतच नाहीत.

इंदूर इथून पंचावन्न किलोमीटरवर. तिथला सराफा खाण्यासाठी सगळीकडे नावाजलेला. पण तो सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की रात्री भरतो. चौविहार पाळणाऱ्या घराला तो असून नसल्यासारखा.

शेवटी भाचीनं मोबाइलवर एक नवा कॅफे शोधून काढला. नाव सांगत नाही, कारण अशा जागा आता बऱ्याच झाल्यात. 2022 च्या ऑक्टोबरात महाकाल लोक खुलं झालं, बाहेरगावच्या माणसांची वर्दळ वाढली, आणि तिच्यामागून या जागाही आल्या. बरोबर माझ्या मोठ्या जाऊबाईंनाही घेतलं. भाऊजी गेल्यापासून त्या मंदिर सोडून कुठं जात नव्हत्या. "मी काय करू तिथं?" असं तीनदा म्हणून, साडी बदलून त्या निघाल्या.

कॅफे जुन्या इराण्याच्या थाटात सजवला होता. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरासारखं दिसणारं टेबल, बिस्किटांच्या काचेच्या बरण्या, भिंतीवर बंद पडलेलं मोठं घड्याळ. एका पाटीवर इंग्रजीत सूचना छापल्या होत्या, गंमत म्हणून. मेनूवर इराणी चहा, बन मस्का, मावा केक. मी पोऱ्याला विचारलं, "केकमध्ये अंडं आहे का?" तो विचार करून म्हणाला, "आंटी, थोडासा होगा." भाची हसून हसून बेजार. आम्ही दोघींनी चहा आणि खारी घेतली.

चहा बरा होता. जाऊबाई पहिली दहा मिनिटं पदर सावरत दाराकडे बघत होत्या, मग हळूहळू बोलायला लागल्या. भाऊजींबद्दल बोलल्या, सुनेबद्दल बोलल्या, लग्नाआधी त्यांना पेटी शिकायची होती हे मला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. तेवढ्यात पोऱ्या आला, "और कुछ?" म्हणाला आणि आम्ही न मागता बिल ठेवून गेला. पंचवीस मिनिटं झाली होती. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. "अजून थोडं बसता येत नाही का?" त्यांनी हळूच विचारलं. पण पोऱ्या पुन्हा येऊन टेबल पुसायला लागला, आणि आम्ही उठलो.

घरी आल्यावर माझ्या मनातून ते जाईना. या लोकांनी इराण्याची खुर्ची उचलली, बरणी उचलली, पाटी उचलली. मग इराण्याकडची मुख्य वस्तू कुठली, आणि ती यांच्या हातून सुटली कशी?

इराणी म्हणजे यझ्द, केरमान अशा भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला मुंबईत आलेले, बहुतांशी झरतुष्ट्री लोक. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार टाळायचे, ती यांनी घेतली, असं सांगतात. दोन्ही रस्त्यांना दारं, उजेड, वारा. धोबीतलावची कयानी 1904 सालची, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान 1914 चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं आणि पुण्यात डेक्कनचं गुडलक 1935 चं. मेरवानचा मावा केक सकाळीच संपायचा म्हणून लोक पहाटे रांग लावत. पण ही हॉटेलं टिकली ती केकवर नव्हे. गिरणीतला कामगार, कारकून, टॅक्सीवाला, परीक्षेचा विद्यार्थी, नोकरी शोधणारा, कुणीही यावं, एक चहा आणि ब्रून मस्का घ्यावा आणि बसावं. जात न विचारता एका टेबलाशी बसता येईल अशा जागा त्या काळी फार नव्हत्या. इराण्याचं हे ऋण मोठं आहे. संगमरवर महत्त्वाचा नव्हता. एका चहावर मिळणारा वेळ महत्त्वाचा होता, आणि आमच्या कॅफेवाल्यानं नेमका तोच घेतला नाही.

इथवर सगळे म्हणतात. मराठीत इराण्यावर आजवर जे हळवं लेखन झालं त्यातलं बरंचसं मी वाचलंय, आणि ते वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. त्या आठवणींमधला 'आम्ही' बहुतेक वेळा पुरुषच असतो. आम्ही तासन् तास बसायचो, आम्ही वाद घालायचो, आम्ही उधारी ठेवायचो. त्या वेळी घरी कोण होतं? या 'आम्ही'ला वेळेवर जेवायला कोण वाढत होतं?

मोठ्या लेखकांकडेही हेच दिसतं. इराण्याच्या भिंतीवरच्या 'हे करू नका, ते करू नका' या सूचनांवर निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली, ती गाजली. आमच्या कॅफेतली पाटी त्याच परंपरेतली. अरुण कोलटकर मुंबईत काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये मित्रांसोबत वर्षानुवर्षं बसत. ती जागा इराण्याची नव्हे, इंग्रजी वळणाचं रेस्टॉरंट ते, आता बंद झालंय. पण त्या बसण्यातून, खिडकीतून दिसणाऱ्या चौकातून, 2004 साली आलेलं त्यांचं 'काला घोडा पोएम्स' हे इंग्रजी पुस्तक जन्मलं. त्यात बायका खूप आहेत. कचरा गोळा करणाऱ्या आहेत, इडली विकणारी आहे. कवीनं त्यांच्याकडे इतक्या आस्थेनं पाहिलंय की वाचताना मन भरून येतं. तरी त्या सगळ्या फुटपाथवर आहेत. खिडकीतलं टेबल पुरुषाचं आहे. कोलटकरांना मी दोष देत नाही, त्यांनी जे दिसलं ते खरं लिहिलं. माझं म्हणणं एवढंच, की आतल्या टेबलावर बसून बाहेर बघणारी बाई आपल्या वाङ्मयात फारशी का भेटत नाही, याचं उत्तर टेबलापाशीच आहे.

बायका इराण्याकडे जात नव्हत्या असं नाही. मुलांसाठी केक घ्यायला जात, नवऱ्यासोबत जात. त्यांच्यासाठी 'फॅमिली रूम' अशी पाटी असे. लाकडी आडोसा, अर्धं दार, कुठं पडदा. त्या काळात ती सोयच होती, मुली तिथं निर्धास्त बसत. पण पाटी नीट वाचा. बाई म्हणजे फॅमिली. एकटी बाई फॅमिलीत बसत नाही आणि बाहेरच्या टेबलांवरही बसत नाही. माझंच सांगते. बी.ए. करताना मी गुडलकवरून रोज जायचे-यायचे. माझा भाऊ तिथला नेहमीचा. तीन वर्षांत मी एकदाही आत गेले नाही. हॉटेलनं मला कधी अडवलं नाही. मीच पायरी चढले नाही. चढता येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता थोडं लांब जाऊ. इंग्लंडमध्ये चहाची दुकानं निघाली त्याचं कारण वेगळं होतं. 1864 साली लंडनच्या एका पाव बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या दुकानात चहा द्यायला सुरुवात केली. ही कल्पना तिथल्या एका व्यवस्थापक बाईंची होती असं सांगतात. 1894 मध्ये लायन्स कंपनीनं पिकॅडिलीत पहिलं चहाचं दुकान उघडलं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत दारूबंदीची चळवळ जोरात होती, तिथं केट क्रॅन्स्टन नावाच्या बाईनं 1878 पासून एकेक करत टी-रूम काढल्या. तिची 1903 ची विलो टी-रूम्स तर मॅकिन्टॉशसारख्या वास्तुकारानं खुर्च्या-काचांसकट घडवली. बायकांची दालनं दर्शनी आणि सगळ्यात सुरेख, पुरुषांचा धूम्रपानाचा आणि बिलियर्डचा मजला वर. दारूच्या गुत्त्यात भल्या घरची बाई जाऊ शकत नव्हती. टी-रूममध्ये ती एकटी, पुरुष सोबत नसताना, चहा-केक घेऊन बसू शकली. पुढं मताचा हक्क मागणाऱ्या बायकांच्या बैठकाही टी-रूममध्ये भरल्या.

ते सगळं सोन्याचं होतं असंही नाही. चहा आणून देणाऱ्या मुलीही बायकाच, आणि त्यांना कुणी 'बसा' म्हणत नव्हतं. तरी फरक लक्षात घ्या. तिथं जागा उघडताना बाईचा विचार आधी झाला. आपल्याकडे जागा आधी उघडली आणि बाईसाठी नंतर पडदा लावला.

मैत्रिणींनो, आता आपल्या घरचं बोलायचं, आणि इथं काहींना राग येईल.

आपल्याकडे बाई बाहेर बसत नाही याचं कारण म्हणून आपण खाण्याचे नियम सांगतो. अंडं चालत नाही, कंद चालत नाही, सूर्यास्तानंतर काही नाही, पाणी गाळलेलं हवं. हे नियम मी पाळते आणि मनापासून पाळते. पण पस्तीस वर्षं दुकानात बसणारे आमच्या घरचे पुरुष दिवसाला चार वेळा गुमटीवरचा चहा पितात. त्या पातेल्यातलं पाणी गाळलंय का, हे त्यांना कुणी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. तोच चहा प्यायला मी निघाले की नियम आठवतो. मग तो नियम चहाचा आहे की माझ्या उंबऱ्याचा?

नियम खरोखर अन्नाचा असेल तर त्यावर उपाय सोपे आहेत. केकच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. बिनअंड्याचा केक तर आपण सगळ्याच करतो, कुकरच्या तळाला मीठ घालून, शिट्टी काढून, कंडेन्स्ड मिल्कवर. आणि सूर्यास्ताचं म्हणाल तर उज्जैनला अगदी डिसेंबरातही पावणेसहापर्यंत दिवस असतो, जूनमध्ये सातच्याही पुढं. चहाची वेळ चारची. धर्म कुठंच आड येत नाही.

"घरी काय कमी आहे? भिशी तर असते की," असं कुणी म्हणेल. असते. पण जिच्या घरी भिशी, ती त्या दोन तासांत कधी बसलेली पाहिलीत? ती बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याचे वडे तळत असते, आणि सगळ्या निघाल्या की शेवटी उभ्यानं गार चहा पिते. आपल्याच घरात बाई पाहुणी होऊ शकत नाही, त्यासाठी दुसऱ्याचं घर नाहीतर दुसऱ्याचं दुकान लागतं. जाऊबाई आणि मी एका घरात तीस वर्षं राहिलो. त्यांची पेटी मला घरी का कळली नाही? कारण घरी आम्ही दोघी कायम उभ्या होतो.

म्हणून एखादी चहाची जागा चांगली की वाईट हे ठरवताना मी आता खुर्च्या बघत नाही. तीन गोष्टी विचारते. एकटी बाई एका चहावर तासभर बसली तर कुणी टेबल पुसायला येतं का? खाण्यात काय आहे हे सरळ सांगतात का? आणि पडदा, आडोसा न लावता तिथं बसता येतं का? पहिल्या प्रश्नावर जुन्या इराण्याला मी पूर्ण गुण देईन, तिसऱ्यावर कमी. आमच्या कॅफेला पहिल्या दोन्हींवर शून्य. घड्याळ मात्र छान होतं.

नुसती टीका करून थांबू नये म्हणून पुढचं सांगते. फ्रीगंजात एका मिठाईवाल्याच्या दुकानावर माळा आहे, दुपारी रिकामा असतो. मी आणि आमच्या भिशीतल्या दोघी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "भाईसाब, बुधवारी साडेतीन ते पाच सहा जणी येऊ. चहा घेऊ, तुमची खारी घेऊ, केक बिनअंड्याचा ठेवा. पण बिल मागितल्याशिवाय आणायचं नाही." त्यांनी आमच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि विचारलं, "परदा लगवा दूँ?" आम्ही तिघी एकदमच 'नाही' म्हणालो.

मागच्या बुधवारी मला पोचायला उशीर झाला. वर गेले तर जाऊबाई खिडकीजवळच्या टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या. समोर अर्धा प्यालेला चहा, आणि त्या खाली रस्त्याकडे बघत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू ये सावकाश. मला काही घाई नाही."