परिचर्येतील नेतृत्व आणि 'निष्ठा' ही संज्ञा

कर्मचाऱ्यांच्या संस्थानिष्ठेविषयी मायर आणि ॲलन यांनी १९९१ मध्ये मांडलेला त्रिघटकी आराखडा रुग्णालयांच्या अभ्यासात आज सर्रास वापरला जातो. १९९३ मध्ये त्यांनी स्मिथ यांच्यासह तो व्यवसायनिष्ठेलाही लावून पाहिला, तेव्हा उत्तरे देणाऱ्यांत परिचारिका आणि परिचर्येचे विद्यार्थी होते. माणूस टिकून राहतो तो ओढीमुळे, सोडून जाणे परवडत नाही म्हणून, अथवा कर्तव्यबुद्धीने, असा हा भेद. मराठीला तो नवा नाही. 'राहावेसे वाटते', 'राहावे लागते' आणि 'राहिले पाहिजे' ही रूपे तो रोजच्या बोलण्यात पाळतात. तिन्हींवर 'निष्ठा' हे एकच नाम घातले की तो पुसला जातो. शिवाय हा शब्द मुळातच स्तुतिवाचक. 'आपली रुग्णालयावर निष्ठा आहे काय?' या प्रश्नाला नकार देणे म्हणजे स्वतःवरच आरोप ठेवणे होय.

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांची पदनामे येथे विचारात घ्यावीत. अधिपरिचारिकेच्या वर परिसेविका, तिच्या वर अधिसेविका. अधिकार वाढतो तसा शब्दातील 'सेवा' उघड होतो. (परिचर्या म्हणजेही सेवाच, हे खरे, पण 'सेवा' या शब्दाला भक्तीचा वास आहे.) पदनामावरून मनोवृत्ती सिद्ध होत नाही, हे मान्य. तथापि कामाच्या पाळ्या आणि नातेवाइकांच्या तक्रारी अधिसेविकेकडे, आणि नेमणुका व खरेदी इतरांच्या हाती, अशी रीत जेथे आहे, तेथे तिचे टिकून राहणे 'सेवाभाव' म्हणून गौरविले जाते आणि ती रीत मात्र तपासली जात नाही.

अमेरिकेत १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने हा रोख बदलला. १६३ रुग्णालयांतून परिचारिकांना आकर्षून टिकवणारी ४१ निवडली गेली. परिचर्याप्रमुखाला सर्वोच्च प्रशासनात स्थान आणि निर्णय कक्षाच्या पातळीवर, अशी व्यवस्था तेथे आढळली. परंतु अभ्यास झाला तो यशस्वी रुग्णालयांचाच. तीच व्यवस्था असूनही जेथे परिचारिका टिकल्या नाहीत, अशी रुग्णालये तुलनेला नव्हती. पुढील अनेक अभ्यासांत संस्कृती आणि निष्ठा या दोहोंविषयी एकाच व्यक्तीला, एकाच प्रश्नावलीतून विचारले गेले. त्या दोहोंत संबंध दिसला तर नवल कसले?

मराठी प्रश्नावलीत 'निष्ठा' हे नाम टाळून ती तीन क्रियारूपेच वापरणे अधिक सयुक्तिक ठरेल. निष्ठा कोणावर, रुग्णालयावर की व्यवसायावर, हेही वेगळे विचारावे लागेल. रुग्णांची हेळसांड पाहवेना म्हणून राजीनामा देणारी अधिसेविका संस्थेच्या तक्त्यात निष्ठाशून्य ठरते.