द्विभाषिक बालकथा : आरोग्याचा बोध आणि चुलीची भाषा

बालवाङ्मयातील बोध व रंजन यांचा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. परंतु ज्या कथेचा जन्मच बोधासाठी होतो, आणि तोही एकाच पानावर दोन भाषांतून, तिच्याकडे आपल्या समीक्षेने क्वचितच लक्ष दिले आहे. आदिवासी बालकांसाठी आरोग्य व आहार या विषयांवर रचल्या जाणाऱ्या द्विभाषिक कथा या प्रकारात मोडतात.

त्यांचा विचार भिलाईपासून आरंभिणे उचित ठरेल. 1959 मध्ये तेथील पहिली झोतभट्टी पेटली. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली आणि नगरीचा सामाईक व्यवहार हिंदीतून चालू लागला. कारखान्याला लागणारे लोहखनिज मात्र दल्ली-राजहराच्या डोंगरांतून, म्हणजे गोंडांच्या मुलखातून, येत राहिले. त्याच्या दक्षिणेस बस्तर आणि पश्चिमेस महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. या साऱ्या टापूत शाळेची व दवाखान्याची भाषा एक, तर चुलीपाशी बोलली जाणारी गोंडी, हलबी किंवा छत्तीसगढी ही दुसरी. आहार हा तर मुख्यतः चुलीपाशचा विषय होय!

या प्रकारातील ढोबळ कथा कशी असते? एक किडकिडीत मुलगा, एक शहाणी ताई, दूध, फळे व पालेभाज्या यांची महती, आणि अखेरीस धडधाकट झालेला तोच मुलगा. वर हिंदी मजकूर, खाली त्याचे गोंडी रूप. उपदेशात चूक काढण्याजोगे काही नाही. तथापि ज्या घरात ती वाचली जाते त्या घरातील कोदो, मोह, चार, मंडिया यांपैकी काहीच तिच्यात आढळत नाही. न सांगता ती मुलाला एवढे मात्र सांगते, की आईच्या मडक्यात जे शिजते ते अन्न नव्हे. कथेतील अनुक्ताचा परिणाम उक्ताहून खोल जातो, हे कोणाही समीक्षकास ठाऊक आहे.

मंडिया म्हणजे आपली नाचणी. तिच्या 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात त्याचा दहावा हिस्साही नसतो. बस्तरात तिची ‘मंडिया पेज’ होते. ‘पेज’ हा शब्द ऐकून मराठी वाचक क्षणभर थबकेल. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 च्या खंडात हलबीला मराठीशेजारी बसवले होते. त्या वर्गीकरणाविषयी पुढे मतभेद झाले, पण पेजेविषयी होण्याचे कारण नाही.

2018 मध्ये प्रथम बुक्स व सीजीनेट स्वरा यांच्या प्रयत्नांतून अनेक बालकथा गोंडीत आल्या. आपली भाषा छापील पुस्तकात प्रथमच पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे लहानसहान काम नव्हे. परंतु त्या बहुतांशी अनुवादित कथा होत्या, आणि मुळात नसलेले मडके अनुवादक कोठून आणणार? उलट दिशेचा दाखला छत्तीसगडातच आहे. 2002 मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्यसेविकांच्या योजनेला ‘मितानिन’ हे नाव मिळाले. मुलींमध्ये विधिपूर्वक जोडल्या जाणाऱ्या आजन्म मैत्रीचा तो शब्द. या एका शब्दात जी कथा आहे ती कित्येक पुस्तिकांत नाही. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी वारली मुलांच्या परिसरातील पाने, बिया व खडे हेच शिक्षणाचे साहित्य मानले होते, त्यामागची दृष्टीही हीच.

तेव्हा कथा आधी हलबीत किंवा गोंडीत रचली जावी आणि शब्द शोधण्याचे कष्ट हिंदीच्या वाट्यास यावेत. चापडा, म्हणजे तांबड्या मुंग्यांची चटणी, हिंदी पानावर आणताना लेखकाची जी तारांबळ उडेल, तीतूनच ते पुस्तक खऱ्या अर्थाने द्विभाषिक होईल.

यातही एक धोका आहे. रानातील अन्नाचे कौतुक करता करता अभावावर पडदा पडू शकतो. पेज पातळ होते ती आईच्या अज्ञानामुळे नव्हे, तर कणगीतले धान्य सरल्यामुळे. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्यात आणखी एक तांब्या पाणी ओतणारी आई आणि ते पाहणारे मूल या कथांत अद्याप आलेले नाही.