माहिती देणारे आम्ही, अर्थ लावणारे कोण?

समाजशास्त्रीय संशोधन तटस्थ असते, असे आपल्याला पदव्युत्तर वर्गात शिकविले जाते. धुळ्यात राहून हे मान्य करणे मला कठीण जाते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली याच शहरात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले आणि जुनी दप्तरे, हस्तलिखिते जपली गेली. या कामाचे मोल नाकारणे हा करंटेपणा ठरेल. पण कागद कोणाचा असतो? ज्याच्याकडे वतन आणि लेखणी, त्याचा. महारवतनाचाही हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात! भिल्लाची नोंद व्हायची ती बहुधा बंडखोर वा गुन्हेगार म्हणून. अस्सल कागद हाच पुरावा, असे एकदा ठरले की ज्यांना अक्षर नाकारले ते इतिहासातूनही बाद होतात. त्यांना मुद्दाम वगळण्याचीदेखील गरज उरत नाही.

याच धुळ्याचे कॉ. शरद पाटील (1925–2014). 1978 साली मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. 1982 साली दास-शूद्रांच्या गुलामगिरीवरचा त्यांचा ग्रंथ आला. ज्या संस्कृतने शूद्राला आणि स्त्रीला बाहेर ठेवले, तिच्याच व्याकरणाला त्यांनी साक्षीदार म्हणून उभे केले. जिथे कागद नाही तिथे शब्द बोलतो, ही त्यांची पद्धत. त्यांचे सगळेच निष्कर्ष मला पटत नाहीत. पाणिनीच्या एखाद्या सूत्रावर ते पेलणार नाही एवढे ओझे टाकतात, आणि त्यांचे गद्य कार्यकर्त्याला दमवते. परंतु वर्गाबरोबर जातीचा आणि स्त्रीदास्याचा प्रश्न त्यांना पडला, तो साक्री-नवापूरकडच्या आदिवासींच्या लढ्यात वावरल्यामुळे. तटस्थ राहून तो पडला नसता. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. जातीचे चटके सोसलेल्या माणसाने लिहिला, म्हणून त्यातला अंतर्विवाहाचा सिद्धांत कच्चा ठरला काय?

आज आमच्याकडे सत्ता आणि लोकशाही या विषयांवर प्रबंधांचा सुकाळ आहे. त्यांत ना राजवाड्यांची चिकाटी, ना पाटलांचा प्रश्न. प्रश्नावली, तक्ते, टक्केवारी, आणि शेवटी ‘सहभाग वाढला आहे’ हा ठरलेला निष्कर्ष. बहुतेक ठिकाणी ‘उत्तरदाते’ आपली माणसे. आता संशोधकही आपलाच मुलगा असतो, एवढाच काय तो फरक.

1993 साली अंमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने दलित-आदिवासी स्त्री पंचायतीत आली. माझा एक विद्यार्थी जळगाव जिल्ह्यातील एका गावी अशाच एका सदस्य बाईंकडे गेला. प्रश्न होता: आपण बैठकीस उपस्थित असता काय? होय/नाही. बाई म्हणाल्या, “बैठकले बलावतस, पन खुर्चीवर कोन बठस ते इचार ना भाऊ.”

पोराने ‘होय’वर खूण केली. दुसरे काय करणार? बाईंच्या वाक्याला तक्त्यात रकानाच नव्हता. ते त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून आणले आणि मला दाखविले. प्रश्नावली मी तपासली होती. ‘वस्तुनिष्ठ आहे’ असा शेराही माझाच होता.

ती आता आम्ही पुन्हा लिहीत आहोत. पहिला प्रश्न बाईंचा घेतला आहे, अहिराणीतच.