वरून दिसणारी राजी

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली आणलेल्या ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ या व्हिडिओ गेममध्ये नायिका बहुतेक वेळ पडद्यावर बोटाच्या पेराएवढीच दिसते. भोवती किल्ल्याच्या भिंती, छत्र्या, झरोके आणि तुटलेले कठडे मात्र अवाढव्य पसरलेले असतात. कॅमेरा उंचावर, तिरक्या कोनात बसलेला असतो आणि तो आपल्या हातात नसतो. आजचे बहुतेक मोठे गेम नायकाच्या खांद्यामागून धावतात, मान वळवावी तसा कॅमेरा वळवू देतात. त्या मानाने ही नव्वदच्या दशकातली रीत. राजीचं खरं सौंदर्य या जुन्या रीतीतच आहे, असं मला ठामपणे वाटतं.

कथा काळोखी आहे. देव-दानवांच्या महायुद्धाला हजार वर्षं लोटली आहेत, माणसं निर्धास्त झाली आहेत. ऐन राखीच्या सणात असुर परततात आणि मुलं पळवून नेतात. सर्कशीत कसरती करणारी राजी आपल्या धाकट्या भावाला, बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या गोलूला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. पलीकडे असुरांचा म्होरक्या महाबलासुर आहे. एवढ्या ऐवजावर पाच-सहा तासांचा खेळ उभा राहतो.

आता त्या कोनाकडे येऊ. पहाडी लघुचित्रांत लांबची वस्तू लहान होत होत एका बिंदूत विरून जात नाही. अंगण, गच्ची, आतली खोली, बाहेरची झाडं असं सगळं जरा वरून, एकाच नजरेत मांडलेलं असतं. जुन्या गेमचा तिरका कोनही नेमकं हेच करतो. निर्मात्यांनी पहाडी चित्रशैली आणि राजस्थानातले किल्ले डोळ्यांपुढे ठेवले होते. कॅमेरा खांद्यामागे आणला असता, तर तेच किल्ले नुसती पार्श्वभूमी होऊन मागे राहिले असते. इथे ते चित्र म्हणून समोर येतात आणि त्या चित्रात एक मुलगी पळत असते.

ती पळते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. असुरांनी घेरलं की राजी खांबाकडे धावते, त्याला धरून गरकन गिरकी घेते आणि त्या वेगातच त्रिशूळ भोवतीच्या सगळ्यांवरून फिरवते. भिंतीवर दोन पावलं चढून उलटी उडी मारते आणि शत्रूच्या मागे उतरते. तिची ताकद राक्षसांपुढे नगण्य आहे. तिच्याकडे आहे ती सर्कशीतली कसरत, आणि लढाईची सगळी रचना तिच्या या पोटापाण्याच्या विद्येवर केलेली आहे. पात्र आणि खेळण्याची रीत इतकी एकजीव झालेली फार थोड्या गेममध्ये आढळते.

जळगावात मेहरूणला आमच्या घरी भाची हा गेम खेळत होती, मी शेजारी बसलो होतो. दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत होते. तिने विचारलं, “मामा, हे राजीला ऐकू येत असेल का हो?” बहुतेक वेळा नाही येत. ते दोघं वरून पाहतात, तिच्याविषयी बोलतात आणि खाली ती एकटी असते. जळगावच्या रामरथाच्या वेळी, १८७२पासून चालत आलेल्या त्या कार्तिकी एकादशीच्या उत्सवात, आपण मान वर करून देवाकडे पाहतो. राजी खेळताना आपण देवांच्या बाजूला बसून माणसाकडे पाहतो. तिची काळजी वाटते ती त्यामुळेच.

मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितली आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चामड्याची बाहुली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही सांगण्याची तऱ्हा परकी वाटणार नाही. शिवाय नायिकेचा भाऊच बाहुल्या नाचवणारा, म्हणून ही योजना वरून चिकटवल्यासारखी वाटत नाही. वाटेत काही कोडी लागतात. त्यांत दगडी वर्तुळं फिरवून तुटलेलं चित्र जुळवायचं असतं. जुळतं ते चित्र भावा-बहिणीच्या जुन्या दिवसांचं. हातात त्रिशूळ असलेली मुलगी तेवढ्यापुरती थांबते, आणि तिच्याबरोबर आपणही थांबतो. मला हे क्षण सगळ्या लढायांपेक्षा मोलाचे वाटले.

दोष आहेत. उत्तरार्धात लढाया त्याच त्या वाटू लागतात, स्थिर कॅमेऱ्यामुळे कधी उडीचा अंदाज चुकतो. आणि शेवट फार तुटक आहे. जिच्यासाठी जीव टांगणीला लागला, तिला असं अर्ध्यावर सोडणं मला पटलं नाही. तरीही २०१७ची लोकवर्गणीची मोहीम उद्दिष्टापर्यंत पोचली नसताना एका छोट्या चमूने हे काम तडीस नेलं आणि २०२०च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनापर्यंत नेलं, याचा अभिमान वाटतो.

२०२२च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आहेत. तेच लावून खेळा. आणि भिंतीवरच्या चित्रांपाशी राजीला उभं करून देवांचं बोलणं पूर्ण ऐका, बटण दाबून पुढे पळू नका.