कोयता आणि पांडुरंग सांगवीकर

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण आधी सार्त्र आणि कामू यांना नमस्कार करतात आणि मग पांडुरंग सांगवीकराकडे वळतात. मी मॅट्रिक झालेला मास्तर. तत्त्वज्ञान मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. शिकवण्याची पाळी मात्र आली.

आमच्या अंबाजोगाईकडे रविवारी चार-सहा मोठी मुले माझ्या ओसरीवर वाचायला जमतात. सार्त्रचे म्हणणे त्यांना कळावे म्हणून मी हाताशी असलेले उदाहरण घेतले. लोहार कोयता घडवतो, तेव्हा तो कशासाठी हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते. माणसाचे उलटे. तो आधी असतो, आणि आपण कोण हे पुढे आपल्या करणीने ठरवतो. मुलांनी माना डोलावल्या. एक मात्र म्हणाला, “सर, मुकादम माझ्या माय-बापाला कोयताच म्हणतो की.”

खरेच आहे. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे म्हणजे एक कोयता. उचल मिळते ती त्या कोयत्यावर. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून अशी हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. माझे उदाहरण तिथेच मोडले. ज्याची ओळख हंगामाआधीच उचलीत बांधली गेली, त्याला ‘तू स्वतःला घडव’ असे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

तसा ‘मी कोण’ हा प्रश्न आम्हांला परका नाही. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, आणि त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा मानतात. पण तिथे ‘मी’ ओळखायचा असतो, घडवायचा नसतो. हा फरक मुलांना पटकन कळला, माझ्यापेक्षा लवकरच.

त्याच मुलाने ‘कोसला’वरही आक्षेप घेतला. पांडुरंग पुण्याला जातो, बापाचे पैसे उडवतो, नापास होतो, सांगवीला परततो. “परतायला घर हाय, शेत हाय, म्हणून त्याला निराश होता येतं.” आक्षेप अर्धा खरा आहे. पुण्याच्या भागात पांडुरंगाची उदासी पुष्कळदा मिजाशीसारखी वाटते, आणि नेमाड्यांची मिस्कील भाषा तिला पाठीशी घालते.

पण अर्धाच. डेन्मार्कच्या किर्केगार्दने १८४९ साली निराशेवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. कुणाला स्वतः असणे नको असते, कुणी हट्टाने स्वतःच असू पाहतो. आणि ज्याला आपण निराश आहोत याचा पत्ताच नाही, तोही निराशच, असे तो म्हणतो. म्हणजे निराशा ही खिशाची गोष्ट नव्हे. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते, ती पाने मी मोठ्याने वाचली. तिथे शेत कामी येत नाही, बापाचे पैसे कामी येत नाहीत, आणि एरवी सगळ्यांची थट्टा करणारी ती भाषासुद्धा कामी येत नाही. आक्षेप घेणारा मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने पुस्तक घरी नेऊ का, असे विचारले.

आता मी व्याख्येने सुरुवात करीत नाही; मनीच्या पानांनी करतो. कोयत्याचे उदाहरण सोडलेले नाही. फक्त ते त्या मुलालाच सांगायला लावतो.